फकरुद्दीन पिंजाऱ्याची हलकी गादी

परंड्यात किल्ल्याच्या अलीकडं फकरुद्दीनचं गाद्या भरायचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजून त्याच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. त्याच्या लग्नात बायकांनी नवरदेवालाच नवरदेवाचा बाप समजून सलाम केला होता, असं आमची आई सांगायची. आई सांगायची म्हणजे निम्मं धरा. पण बायकोवर त्याचा जीव होता, हे पुरं धरा. तेव्हाच्या रीतीप्रमाणं तो हे कुणाला दिसू देत नसे, म्हणून सगळ्या गावाला माहीत होतं.

रशियाचा माणूस आभाळात जाऊन आला, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ताहेराबी माळवदावर कापूस वाळत घालताना घसरून खाली पडली. मांडीचं हाड मोडलं. दगडोबा हाडवैद्यानं पायाला बांबूच्या कांब्या बांधल्या आणि बजावलं, पाठ उचलायची नाही, आंबटाला शिवायचं नाही. हाड मोडलं की ताक बंद, हा आमच्याकडचा कायदा. निजाम गेला, हा कायदा राहिला.

फकरुद्दीननं निवडक कापूस पुन्हा पुन्हा पिंजून तिच्यासाठी गादी भरली. त्या गादीवर निजल्यावर ताहेराबी म्हणाली, खाली काही आहे असं वाटतच नाही. हे वाक्य त्यानं चहाच्या हॉटेलात इतक्यांदा सांगितलं की आम्ही त्याला बघून उठून जायला लागलो.

पुढं तिचं पोट बिघडलं. पेज दिली तरी टिकेना. दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या, काढे झाले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. शेजारची रुद्रम्मा रोज तिची वेणी घालून द्यायची. ही बाई वाटेत दगड भेटला तरी त्याला गावाची खबर देणारी. पण त्या घरातून बाहेर पडली की गप्प घरी जायची. तेव्हा आम्ही समजलो. हाड जुळायच्या आधीच बाई जाणार होती.

अशात शाळेतले शांतलिंग गुरुजी फकरुद्दीनच्या दुकानात पेपर वाचून दाखवत होते. आभाळात माणसाला वजन राहत नाही, हे आम्ही आधी ऐकलं होतं. नवं हे होतं की रशियानं माणसाच्या पोटातले जंतू नळीत भरून वर पाठवले होते. गुरुजी म्हणाले, आपल्या आतड्यात असंख्य जीव नांदतात, त्यातले बरेच आपल्या कामाचे असतात. वजन गेल्यावर त्यांचं काय होतं, हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. मरत नसतील, पण पंचायतीसारखं होत असेल. गरिबानं गप्प बसायचं आणि दांडग्यांनी माजायचं. आम्ही हसलो. सरपंचाचा भाचाही हसला.

फकरुद्दीन हसला नाही. त्यानं विचारलं, "गुरुजी, जमिनीवर कुणाचं वजन जातं का?"

गुरुजी म्हणाले, तसं नाही जात. पण महिनोन्‌महिने आडवं पडलेल्या माणसाचं शरीरही थोडं तसंच वागायला लागतं, असा काही डॉक्टरांचा अंदाज आहे.

बस्स. पिंजाऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की आपण भरलेल्या गादीनंच बायकोला अधांतरी केलं आणि तिच्या पोटातले जंतू माजवले. गुरुजींनी परोपरीनं सांगितलं, की गादी कितीही मऊ असली तरी वजन कुठं जात नाही. त्यानं ऐकलं नाही. घरी जाऊन गादी ओढून काढली, ताहेराबीला सतरंजीवर घेतलं आणि म्हणाला, आता तिला भिंतीला टेकवून बसवतो. रुद्रम्मानं धावत जाऊन दगडोबाला आणलं. मागोमाग गुरुजी आले, गुरुजींच्या मागं आम्ही. आमचं काही काम नव्हतं.

दगडोबा भांडला नाही. म्हणाला, "बसवलं तर हाड सरकंल, पाय आखूड पडंल. मग माझ्या नावानं बोंबलू नगा."

फकरुद्दीन गुरुजींकडं बघायला लागला. गुरुजी खाली बघायला लागले. शिकलेला माणूस होता, खोटं बोलला नाही. "बसवल्यानं पोट सुधारंल, असं म्या छातीठोक न्हाय सांगू शकत," म्हणाले.

मग सतरंजीवरून आवाज आला. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"आभाळात गेलेला खाली तरी आला," ताहेराबी म्हणाली. "मला उठवा. पाय जाऊ द्या. आन रुद्रम्मा, वाटीभर ताक आण."

दगडोबा पागोटं सावरून निघून गेला. फकरुद्दीननं तिच्या पाठीशी आपली छाती लावली आणि तिला उठवलं. ती ओरडली नाही. त्याचा दंड मात्र तिनं असा धरला होता की त्यावर नखांचे वण राहिले. रुद्रम्मानं चमच्यानं ताक पाजलं.

ते ताक टिकलं. दोन दिवसांनी भाकरीचा पापुद्रा टिकला. बसण्यानं झालं, ताकानं झालं, की त्याच सुमारास दवाखान्याच्या गोळ्या थांबल्यानं, हे गुरुजींनाही सांगता आलं नाही. उन्हाळ्यापर्यंत बाईच्या अंगावर मांस आलं. आणि दगडोबा म्हणाला होता तसंच हाड जुळलं, वाकडं. पाय चार बोटं आखूड पडला.

गाव दोन्हीकडून बोलतं. त्यानं बायको वाचवली, असंही म्हणणारे आहेत. पिंजाऱ्यानं पेपर ऐकून बायको लंगडी केली, हे मी स्वतः परंड्यापासून कुर्डुवाडीच्या गाडीपर्यंत ऐकलंय. फकरुद्दीननं कधी उलट उत्तर दिलं नाही. ताहेराबी मात्र द्यायची. म्हणायची, पाय मी दिला, त्यांनी घेतला नाही.

आमच्याकडं नवरा पुढं आणि बायको दहा पावलं मागं, अशी चाल. जुम्म्याच्या बाजाराला ती दोघं निघाली की फकरुद्दीन पुढं जायचा, थांबायचा, ती येईपर्यंत उगाच कुणाच्या तरी गादीची चौकशी करायचा. पुढं पुढं त्यानं चौकशाही सोडल्या. तिच्या बाजूनं, तिच्या पावलाला पाऊल देऊन चालायचा. बाजार उठायला आलेला असायचा, चांगली भाजी निवडून गेलेली असायची. तरी त्यानं कधी भरभर पाऊल उचललं नाही.