समोरच्या गॅलरीतला टॉवेल

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या गॅलरीत उभी होते आणि समोर तिचा लाल टॉवेल वाऱ्यावर हलत होता. नीलेश, तिचा मुलगा, हॉस्पिटलमधून बोलत होता. त्याचं बोलणं संपलं तरी मी टॉवेलकडेच बघत राहिले... तो अजून कोणी काढला नव्हता. त्याला आता महिना होऊन गेला.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या दोघींच्या बिल्डिंगा समोरासमोर. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, साड्यांना फॉल-बीडिंग करून द्यायचं तिचं छोटं दुकान होतं. घाई करणाऱ्या सिंधी बायकांना ती ठणकावायची, "रुकने का भाभी, साडी है, समोसा नहीं." त्याच बायका दिवाळीला तिला मिठाई आणून द्यायच्या. अशी ही बाई एका सकाळी शिलाई मशीनवरच कलंडली. अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला.

नीलेश बदलापूरजवळ खरवईला नव्या टॉवरमध्ये राहतो. तो न्यायला आला तर म्हणाली, "तिकडे मी कोणाशी बोलू, लिफ्टशी?" शेवटी तडजोड झाली. रोज सकाळी उठल्यावर तिने स्वतःच्या हाताने हा टॉवेल गॅलरीतल्या दोरीवर लावायचा, मी समोरून बघायचं आणि नीलेशला कळवायचं. दिसला नाही तर धावायचं. आणि लावणं जमेनासं झालं, की तिने मुकाट्याने घर सोडून खरवईला जायचं. फिजिओवाल्या मुलीनेही सांगितलं होतं, रोजची कामं स्वतः करणं हाच व्यायाम.

पण आम्ही सगळ्या पडलो प्रेमळ. कोणी डबा आणायचं, कोणी वेणी घालायचं, तिच्या शेजारच्या कविताने तर घराची चावीच मागून घेतली होती. चहाच्या कपापर्यंत मंदाताईचा हात पोचायच्या आत कप तिच्या ओठांशी. "मला काय बोळ्याने दूध पाजताय?" जड जिभेने ती ओरडायची आणि सगळ्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. एकेक काम तिच्या हातून सुटत चाललं होतं, आणि हिसकावून कोणीच घेत नव्हतं, मग भांडायचं तरी कोणाशी? एकदा मला म्हणाली, "विजू, तो टॉवेल तेवढा माझा आहे. त्याला हात लावाल तर बघा."

तो लावताना मी तिला रोज पाहायचे. दातओठ खात, डाव्या हाताने उजवा उचलून धरत... टॉवेल वाकडाच लागायचा, एक टोक लोंबायचं, चिमटा खाली पडायचा. पुढे पुढे तो उशिरा दिसू लागला. कधी एकाच चिमट्यावर. वाट बघता बघता माझा चहा गार व्हायचा.

त्या सकाळी मी बाहेर आले तर टॉवेल केव्हाच लागलेला. दोन्ही टोकं सारखी, दोन्ही चिमटे जागच्या जागी. इतका आनंद झाला मला! लगेच नीलेशला फोन केला, "अरे, आज सरळ लावलाय! हातात जीव आला बघ तिच्या." "काय सांगतेस मावशी!" तो म्हणाला. आम्ही दोघंही निर्धास्तपणे कामाला लागलो.

दुपारी कविता डबा घेऊन गेली तेव्हा मंदाताई पलंगावर पडून होती. डोळे उघडे, तोंड एका बाजूला गेलेलं. झटक्यावरचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, म्हणून हॉस्पिटलात डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, त्रास कधी सुरू झाला? "सकाळी बरी होती," मी ठामपणे सांगितलं, "टॉवेल लावलाय ना तिने."

कविता भिंतीला टेकली. "मावशी... तो मी लावला. सकाळी दूध ठेवायला गेले, तर काकू झोपल्या होत्या. टॉवेल खुर्चीवर होता. म्हटलं, कशाला त्यांना त्रास..."

डॉक्टर घड्याळाकडे बघून आत गेले. दुसऱ्या दिवशी मंदाताई गेली.

मला कविताचा राग आला. अजून येतो. मंदाताईचं आजारपण त्याच पोरीने काढलं, हेही मी जाणते. अति तिथं माती म्हणतात, आमची मायाही तशीच झाली.

नीलेशने घर रिकामं केलं, तेव्हा टॉवेल मी मागून घेतला. मीही एकटीच राहते, वय झालंय. आता रोज सकाळी तो माझ्या गॅलरीत लागतो आणि समोरून कविता बघते. माझ्या हातून तो सरळच लागतो. मग मी एक चिमटा काढून घेते, एक टोक लोंबू देते. कविताला सांगून ठेवलंय... सरळ दिसला, तर धावत ये.