कोरड्या नदीचा मान

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या गावातल्या जल्लोषाला मांडव मी दिला आणि मलाच बसायला खुर्ची मिळाली नाही. तेव्हापासून मी धुमसत होतो. बायको म्हणाली, "रानात फिरून या, डोकं थंड होईल." म्हणून ऐन दुष्काळात जळकोटकडच्या डोंगरात गेलो. तिथं लोकांना पायी रान दाखवणारा एक वाटाड्या भेटला. झाडांना पाला नाही, म्हणून मी त्याला निम्म्या पैशात ठरवला.

गडी वाळक्या झुडपांनाही जाताजाता हात लावायचा, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. पुढं नदी आली. नदी कसली, नुसती वाळू. त्यानं चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"शेट, बूट काढा. पँट वर घ्या."

"पाणी कुठंय?" मी खेकसलो. "येडा समजतोस का मला?"

"न्हाई जी. नदी रुसून बसली हाय. रुसलेल्याचा मान राखला न्हाई, तर ते माघारी कशाला येईल?"

यावर घासाघीस चालणार नव्हती. मी पँट दुमडली, बूट डोक्यावर धरले आणि चटके सोसत वाळूत उतरलो.

"जपून शेट, हितं लई खोल हाय!"

मी त्याचा हात धरला.

पलीकडच्या काठावर त्यानं उपरणं पुढं केलं. मी पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग तेच उपरणं झटकून त्यानं दगडावर अंथरलं.

"बसा शेट."

मी बसलो.