सर्व्हिस खाली आणायची कमांड

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि आमच्या लहानशा कंपनीला सरकारी कामं मिळू लागली होती. सर्व्हर मी आणि एक सीनियर पाहायचो. ते नागपूरकडचे, वयानं माझ्या बाबांएवढे. युनिक्स मला त्यांनीच शिकवलं. पण एकदा माझ्यासमोरच ते साहेबांना म्हणाले होते, "पोट्टीच्या हाती सर्व्हर नका देऊ." ते माझ्या मनातून गेलं नव्हतं.

जिल्ह्यांना सूचना मेल करणारी एक सर्व्हिस मागे चालू असायची. ती सारखी बंद पडायची. सीनियर रजेवर असताना मी तिच्यावर सुपरवायझर बसवला. हा प्रोग्राम नुसती राखण करतो. सर्व्हिस मेली की सेकंदात तिला उठवतो. तिला थांबवायचं तर सुपरवायझरलाच सांगावं लागतं. ते रजेवरून आले, पण सुपरवायझरचं मी त्यांना सांगितलं नाही.

एका दुपारी चुकीची सूचना सुटली: परीक्षा रद्द. जिल्ह्यांतून फोन सुरू झाले. साहेब येऊन सीनियरांच्या पाठीशी उभे राहिले. सीनियरांनी सर्व्हिस किल केली. ती उठली आणि पहिल्या जिल्ह्यापासून पुन्हा पाठवू लागली. त्यांनी परत मारली, ती परत उठली. सर्व्हरची तार उपटली असती तर सगळं ऑफिस बंद पडलं असतं. त्यांची बोटं चुकीच्या कळांवर पडू लागली. मी शेजारच्या टेबलावर चहा पीत बघत होते. मला बरं वाटत होतं.

"आपसे नहीं होगा," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

तेव्हा मी उठले. एक ओळ टाइप केली. सर्व्हिस खाली आली ती पुन्हा उठली नाही.

साहेब गेल्यावर सीनियरांनी हळूच विचारलं, "तुले पहिलेपासून मालूम होतं ना?"

"नाही," मी म्हणाले. "अंदाजानं करून पाहिलं."

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला असावा, कारण महिनाभरात त्यांना सिलतऱ्याच्या एका कारखान्यात हजेरीच्या मशीनवर पाठवलं, तेव्हा जाताना त्यांनी कामाची वही माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर माझी ती ओळ त्यांनी सुंदर अक्षरात उतरवली होती. खाली लिहिलं होतं, 'हे मला येत नव्हतं. पोरीकडून शिकलो.'

ते पान मी फाडलं आणि वही कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर बसले.