पायरीवरची सनई

तांब्या निखाऱ्यात टाकला तेव्हा त्यात पाणी होतं. चर्र आवाज झाला, राख उडाली, चुलाणाजवळच्या बाया पदर तोंडाला लावून मागं सरल्या. खोतांच्या गड्यानं तो दोन लाकडांनी उचलून नेला होता, साप नेतात तसा. साधा पितळी तांब्या. पाहुण्यांना पाय धुवायला पायरीशी ठेवलेला. मी त्यात सनईची पत्ती बुडवली होती.

"अगो बाय, शिवला गो तांब्याला!" एक म्हातारी ओरडली. ती माझ्याबद्दल बोलते आहे हे मला आधी कळलंच नाही.

हे लिहायला मला जड जातं. लिहीन लिहीन म्हणून मी फार दिवस टाळलं. आमच्या घरात लिहिणारा मी पहिला. किती सांगावं, कुठं थांबावं, याची सवय नाही. म्हणून घडलं तसं लिहितो.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेवर. महारवाडा ओढ्याच्या खालच्या अंगाला. बा सनई वाजवायचा. त्याचा बाप वाजवायचा, आजा वाजवायचा. गावात लग्न असो, पालखी असो, होळी असो, आमचा बाजा जायचा. दोन सनया, ढोल, टिमकी. आम्हाला कधी बोलावणं आलं नाही. निरोप यायचा, आणि निरोप म्हणजे हुकूम. बसायचं मांडवाच्या बाहेर, पायरीच्या खाली. देवळात सूर जायचा. आम्ही नाही.

महाडला तळ्याचं पाणी आमच्या लोकांनी ओंजळीत घेतलं त्या वर्षी मी मराठी शाळेत होतो. बा त्या सभेला गेला होता. परत आला तो मेलेलं ढोर ओढणार नाही असं सांगतच आला. आणि ओढलं नाही. सनई मात्र त्यानं सोडली नाही. कोणी टोकलं तर म्हणायचा, "ढोर येगळं. सनईला वास येतो काय?"

मी महाडात शिकलो. मग दासगावहून बोटीनं मुंबईला, कॉलेजात. राहायला विद्यार्थ्यांचं वसतिगृह मिळालं. तिथं पाण्याचं पिंप होतं, वर एक मग. तहान लागली की उठायचं, मग बुडवायचा, प्यायचं. पहिले काही दिवस मी पिंपाशी नुसता उभा राहायचो. कोणीतरी वरून ओतेल म्हणून. मुलं हसायची. मग हात आपोआप जायला लागला. पुढं त्या सवयीनंच घात केला.

दम्यानं बाची छाती भरायला लागल्यापासून त्यानं मोठी सनई माझ्याजवळ दिली होती. रविवारी मी वाजवायचो. वर्गात माझ्या शेजारी माधव बसायचा. आमच्याच गावच्या खोतांचा पुतण्या. गावात मी त्याच्या वाटेतून बाजूला झालो असतो. मुंबईत तो वसतिगृहात यायचा, माझ्या खाटेवर बसायचा, सनई हातात घेऊन भोकांवर बोटं ठेवून बघायचा. एकदा वाजवून झाल्यावर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "तू हेच कर. वकील पुष्कळ आहेत रे. तू मोठा वादक होशील."

मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी वहीच्या कागदावर माझं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, सनईवादक. बराच वेळ बघितलं. मग कागद फाडला.

वैशाखात खोतांच्या मुलीचं लग्न निघालं. माधवची चुलतबहीण. मी सुटीला घरी होतो. बा म्हणाला, "म्होरची सनई तू घे. मी सूर धरतो." पुढची सनई चाल वाजवते. दुसरी मागं एकच सूर धरून बसते, तासन्‌तास. तो सूर नसला की पुढची उघडी पडते.

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला वाजवायचं होतं. मी चांगलं वाजवीन, मांडवातली माणसं ऐकतील, माधव त्यांना सांगेल, असं काहीतरी मनात होतं. आता ते आठवलं की मला माझीच कीव येते.

सकाळपासून बसलो होतो. मांडवाच्या कडेला, पायरीपासून दोन हातांवर, उन्हात. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची पत्ती असते. ती ओली लागते. सुकली की सूर फाटतो. एरवी थुंकीनं भागतं. पण उन्हात तीन-चार तास फुंकल्यावर तोंडात थुंकी उरत नाही. घरून आणलेलं मडकं केव्हाच रिकामं झालं होतं.

बानं हाक दिली, "पानी वाढा जी."

कोणी आलं नाही.

"पानी वाढा जी, पोराची पत्ती सुकली."

"होय, होय, येतंय," आतून कोणी म्हणालं. आलं नाही. आम्हाला तांब्या नको होता. त्यांनी वरून ओतावं, आम्ही ओंजळ धरावी, एवढंच मागणं होतं. विहीर घराच्या परड्यात, वीस पावलांवर.

सूर फाटला. ओटीवरून खोत ओरडले, "काय रे, सनई वाजवतोस की कोंबडं मुरगाळतोस?"

ओटीवर हशा झाला. माधवही हसला. हसून झाल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच हातातल्या घड्याळाकडं.

नवरदेव वेशीशी आला होता. माझं सगळं लक्ष पत्तीकडं. मी ती काढली, हात लांबवला आणि पायरीशी ठेवलेल्या तांब्यात बुडवली. वसतिगृहात बुडवायचो तशी. पुढं लोकांनी त्याला बंड म्हटलं. ते खरं नाही. मला फक्त सूर नीट लावायचा होता.

मग ती म्हातारी ओरडली. मग तांब्या निखाऱ्यात गेला.

खोत उतरून पायरीच्या वर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "कॉलेजात जातोस ना? तांब्या कुणाचा एवढं कळत नाही?"

बा हात जोडून उभा होता. "चुकी झाली जी तात्या. ध्यानात नाय राहिलं त्याच्या."

"बस खाली नि वाजव," खोत मला म्हणाले. "मुहूर्त टळेल."

पत्ती माझ्या बोटांत होती. ओली. त्यांच्याच पाण्यानं. मागं ढोलावर धोंडूकाका बसला होता, बाचा चुलतभाऊ. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तांब्या भाजला. आता पत्तीतलं पानी मांडवभर वाजंल. त्येला कंच्या चुलाणात घालतील?"

मला हसू आलं. दाबलं, पण चेहऱ्यावर आलं असणार.

"हसतोस?" खोत म्हणाले. "सनई काय तुझ्या बापाची? सनई गावाची आहे. ते शिसवाचं लाकूड माझ्या आजोबांनी तुझ्या पणज्याला दिलं. आमच्या रानातलं. आम्ही दिलं म्हणून तुम्हाला वाजवायला मिळतंय."

लाकडाचं खरं होतं. बाच ती गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगायचा.

मी पुढं झालो. शूरपणा वगैरे माझ्यात तेव्हाही नव्हता, आताही नाही. मी सनई पायरीवर ठेवली, मधोमध. म्हणालो, "लाकूड तुमचं हाय. घ्या. पत्ती मी केलीय. ती नेतो." आणि पत्ती सदऱ्याच्या खिशात घातली.

मग एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. ती सनई आता उचलायची कोणी? माझं तोंड लागलेली. चार पिढ्या आमची तोंडं लागलेली. आणि नवरी मांडवात येणार ती त्याच पायरीवरून. भटजी उपरणं आवरून लांब झाले. गडी मघाचीच दोन लाकडं घेऊन आला, तर खोतांनी त्याला हातानंच थांबवलं. मंगलवाद्य. जळक्या लाकडांनी कसं ढकलायचं?

"उचल ती," खोत म्हणाले.

"तुमची हाय. तुमी उचला." माझ्या तोंडी घरची भाषा आली. कॉलेजातली आली नाही.

"माधव, हा तुझ्या वर्गातला ना? सांग त्याला."

माधव पायरीपर्यंत आला. हळूच म्हणाला, "उगाच तमाशा करू नकोस रे. ताईचं लग्न आहे. उचल. मी नंतर बोलतो काकांशी."

"तू उचल की," मी म्हणालो. "मुंबईत उचलायचास."

त्यानं ओटीकडं पाहिलं. सगळे त्याच्याकडंच पाहत होते. तो मागं सरला.

मग बा आला. माझ्याकडं बघितलं नाही. वाकला, दोन्ही हातांनी सनई उचलली, कपाळाला लावली. आपल्या सनईची पत्ती काढून तिला बसवली आणि जागेवर जाऊन वाजवायला लागला.

मी चालू लागलो. ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं. एकटीच सनई, मागं सूर नाही. श्वास तुटायचा, सनई थांबायची, पुन्हा लागायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही लागणार. मी ओढ्यात उतरून पोटभर पाणी प्यालो. तसाच बसून राहिलो.

तिन्हीसांजेला बा घरी आला. ओठ फुटले होते, रक्त सुकून काळं झालं होतं. आय चुलीपुढून म्हणाली, "पोराला काय बोलू नका."

"मी कुठं बोलतोय," बा म्हणाला. मग भिंतीला टेकून म्हणाला, "त्या पोरीचं लगीन व्हतं. तिनं काय केलंवतं?"

मी सदऱ्याच्या खिशातली पत्ती चाचपली.

पुढं महारवाड्याची बैठक बसली. बाजा बंद ठरला. ढोल, टिमकी आढ्याला टांगली गेली. ठरलं ते योग्यच ठरलं. मुंबईत माझा दुसरा एक काका गोदीत कामाला, तो म्हणाला, "बरं झालं, गेली ती सनई. गुलामीचं लाकूड. तू बुकं वाच." मला पटायचं. आणि पटायचं नाही. ढोर ओढणं सोडलं की ते सुटतं. सनई सुटत नव्हती. वर्गात बाकाखाली बोटं भोकं शोधायची. त्यांनी हलकी ठरवली म्हणून मीही फेकून दिली, तर मग खोतांचंच खरं झालं. सनई त्यांची होती, त्यांच्याबरोबर गेली. पण वाजवायचं मनात आणलं की बाचे ओठ दिसायचे. वर्षभर असाच राहिलो. दमून.

मधे एका गायनमास्तरांकडं गेलो. त्यांनी आधी आडनाव विचारलं. मग म्हणाले, सनई दाराबाहेरचं वाद्य आहे, बैठकीचं नव्हे. मी नमस्कार करून जिना उतरलो.

मग बाचं पत्र आलं. शाळेत जाणाऱ्या चुलतबहिणीकडून लिहवून घेतलेलं. पालखीला वाजवायचा निरोप आला होता. बा एकटाच वर गेला होता. पुढं एवढंच होतं, "मोठी सनई खोतांच्या पायरीवर ठेवून आलो. या खेपेला उचलली नाय. आठ दिस झाले, तिथंच हाय. वरची माणसं मागल्या दारानं जातात म्हणं."

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. हसलो, आणि मग रडू आलं. बा या वयात, त्या छातीनं, तो चढ चढून गेला होता.

मी शिकवण्या धरल्या. त्यातून नवी सनई करवली. लाकूड कुठलं, कोणाच्या रानातलं, मी विचारून घेतलं. जुनी पत्ती मी काड्याच्या पेटीत जपली होती. ती बसवली. पहिले दिवस आवाज वाईट आला. येऊ दे म्हटलं.

काल माधव आला होता. तो वाईट मुलगा नाही. खाटेवर बसला नाही, उभाच राहिला. कॉलेजच्या संमेलनाचा छापलेला कागद त्यानं माझ्या हातात दिला. गाणाऱ्यांची नावं होती. तबल्यापुढं नाव, पेटीपुढं नाव. सगळ्यात वर होतं, 'प्रारंभी मंगलवाद्य'. पुढं काही नाही.

"ते तू," माधव म्हणाला. "दाराशी छान बैठक केलीय. पाहुणे आत येतील तेव्हा वाजवायचं."

"नाव?"

"मंगलवाद्याला कोण नाव छापतं रे? आणि छापलं तर... तुला माहीत आहे. सुरुवात तर होऊ दे. हळूहळू होईल."

हळूहळू. पणज्यापासून आम्ही हळूहळूच वाजवत होतो.

मी तो कागद उलटा केला आणि मागं लिहिलं. माझं नाव छापा, इतरांचं छापता तेवढ्याच अक्षरात. बैठक आत, इतर बसतात तिथं. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी, आणि तो नंतर विस्तवात जाणार नाही. यातलं एक जरी कमी असलं तरी मी येणार नाही. कागद त्याच्या हातात दिला. तो वाचून म्हणाला, "असं कोणी बोलावणार नाही तुला."

"मग नाही बोलावणार," मी म्हणालो.

तो गेला. त्याचं बहुधा खरं ठरेल. वर्षं जातील. पोटाला मी शिकवण्या करीन, कारकुनी करीन. सनई पोटासाठी विकणार नाही आणि कोणाच्या हुकमानं उचलणार नाही. सोडणारही नाही, आमच्या माणसांनी सांगितलं तरी.

आज सकाळी नळावर पत्ती भिजवली. खोलीचं दार सताड उघडलं आणि वाजवलं. कोणाच्या दारात नाही. माझ्या.