जावयाची गुप्त चौकशी

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आताच मोकळेपणी सांगा. माझ्या मूर्खपणावर आमच्या बालाघाटात हसून झालंय, किरनापुरात हसून झालंय, दिल्लीतल्या एका कचेरीतही झालंय. मग तुम्हीच काय घोडं मारलंय?

माझ्या मुलीला, स्नेहलला, स्थळ आलं. मुलगा निखिल, घर इथून जवळच्या किरनापूरचं, नोकरी दिल्लीला. बायोडाटात लिहिलं होतं, ‘केंद्र सरकार’. बस, एवढंच. अहो, मी पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. खातं आणि पद न सांगणारा सरकारी नोकर एक तर निलंबित असतो, नाही तर थापाड्या. बघायला आला तेव्हा मी त्याला धरलंच.

“खातं कोणतं?”

“गृह.”

“गृहातलं कोणतं?”

“काकाजी, पोहे मस्त झाले.”

स्नेहलला मुलगा आवडला. म्हणाली, “बाबा, चांगला आहे तो. नका ना खोदून राहू.” पण माझ्या जिवाला चैन पडेल तर शपथ! बसलो की उठावंसं वाटे, उठलो की फाटकापर्यंत जाऊन यावंसं वाटे. एकुलती एक पोर, आणि देतोय कोणाला हेच ठाऊक नाही. शेवटी बायको वैतागली. “जा बाप्पा, चौकशी करून या एकदाची. फाटकाची कडी झिजली.”

आता चौकशीची आपली रीत तुम्हाला माहीत आहे. मुलीचा बाप आहे हे कळू द्यायचं नाही, कारण मग लोक नुसतं गोड बोलतात. मी नाव बदललं, विम्याचा माणूस झालो आणि बसनं किरनापूर गाठलं. पानठेल्यावर विचारलं, हा पोरगा गावी कधी येतो? एकटा येतो की मित्र असतात सोबत? कोणत्या रस्त्यानं येतो? मित्र विचारले ते पितो का हे कळावं म्हणून, बरं का. मग घराचा फोटो समोरून काढला, मागून काढला. आपल्या पोरीला नांदायचंय तिथे, विहीर कुठे आहे ते बघायला नको? सगळं वहीत टिपलं. असा लागोपाठ तीन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी पानठेलेवालाच मला विचारू लागला, “तुमी राह्यता कोठी? गाडीनं येता का बसनं?” मला वाटलं, बिचाऱ्याला विमा काढायचा असेल. पत्ता सांगून टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी दोन माणसं आमच्या दारात उभी. साधे कपडे, बारीक कापलेले केस. मी समजलो, मुलाकडचा निरोप आला. बायकोला चहा टाकायला सांगितला. दोघांतला एक आमच्याकडच्याच वारासिवनीचा होता. तो म्हणाला, “काकाजी, ते वही दाखवता का जरा?”

त्यानं ती मोठ्यानं वाचायला घेतली. “सुटीवर आला की गोंदियाला उतरतो. तिथून मोटरसायकलवर, एकटा. संध्याकाळी बाजाराकडे पायी, एकटा. मागचं दार दिवसभर उघडं. कुत्रा नाही.”

ऐकताना मलाच माझी भीती वाटायला लागली.

“हे काय होय, काकाजी?”

“चौकशी.”

“कायची?”

“लग्नाची.”

दुसरा माणूस पटकन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. हसत होता, दुसरं काय.

तेव्हा कळलं. निखिल केंद्र सरकारच्या, दहशतवाद्यांचा माग काढणाऱ्या पोलीस पथकात होता. मी म्हटलं, “पण तो तर चष्मेवाला आहे. टीव्हीवर तर ते लोक दोराला लटकून उतरतात.”

“ते वेगळे,” वारासिवनीवाला म्हणाला. “याचं काम बसून होय. कोण खोटं नाव सांगून राह्यला, कोण कोणाची वाट इचारून राह्यला, काहून इचारून राह्यला, हे जोडत बसाचं. घटना झाल्यावर सारेच धावतात. ते होऊच नये म्हणून हे बसतात. म्हणून त्याच्या घराभवती कोणी घुटमळलं का आमाले पाहा लागते. आता हे कोणाले सांगजा नोको. त्याच्या जिवाचा सवाल आहे.”

मी देवाची शपथ घेतली.

अभिमानानं माझं पोट फुगलं हो! दुपारी जेवण गेलं नाही. चार वाजेपर्यंत फाटकाच्या सात फेऱ्या झाल्या. पाच वाजता फक्त शेजारच्या मेश्रामला सांगितलं, तेही ‘कोणाले सांगजो नोको’ म्हणून. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मला सलाम ठोकला.

स्नेहल ओरडली असती तर बरं झालं असतं. ती समोर येऊन बसली. “बाबा, उद्या त्याले काही झालं तं? अन् आता तो हौ तरी काहून म्हणन?” तिचे डोळे भरले होते. आयुष्यात मला तेवढी लाज कधी वाटली नव्हती. मी स्वतः निखिलला फोन लावला आणि मेश्रामसकट सगळं कबूल केलं.

तो म्हणाला, “काकाजी, तुमची वही आमच्या साहेबांनी वाचली. म्हणाले, टिपणं पक्की आहेत, माणूस कच्चा आहे.”

“मग लग्नाचं काय?”

“करीन. पण एक अट आहे. ते स्नेहलले सांगतो, फोन तिले द्या.”

ती फोन घेऊन आत गेली आणि हसत बाहेर आली. आईच्या कानात काही बोलली, मग आईही हसली. अट काय ते मला कोणी सांगेना. मी किती विचारलं म्हणता! पुढचे तीन महिने घरात कुजबुज चालायची, आणि मी खोलीत शिरलो की सगळे हवापाण्यावर बोलायचे.

मग एका सकाळी बायकोनं माझ्या हातात कोरा झब्बा ठेवला आणि मला गाडीत बसवलं. बालाघाट मागे पडल्यावर मी ड्रायव्हरला हळूच विचारलं, “कोठी चाललो गा आपण?”

तो म्हणाला, “काकाजी, आज तुमच्या पोरीचं लग्न आहे. कोठी आहे, ते तुमाले सांगाची मनाई आहे.”