शकूचं पहिलं 'नको'

शकू गेली. आज पहाटे.

बोरगावात तिला चिक्कू म्हणायचे. तिच्या घरी पाहुण्याला चहा एकदाच विचारला जायचा. पाहुणा "नको" म्हणाला, की ती खरंच करायची नाही.

ती चिक्कू नव्हती. आम्ही दोघी इटालियन शिकलो होतो.

हसू नका. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बेळगावच्या आमच्या कॉलेजात इटालियनचा क्लास होता. शिकवायला फर्नांडिस सर. मूळचे गोव्याचे, तरुणपणी बरीच वर्षं रोममध्ये काढलेले.

पहिल्या वर्षी वर्ग बऱ्यापैकी भरला होता. दुसऱ्या वर्षी क्रियापदं अवघड झाली, मोठे उतारे आले, 'संस्कृती' नावाचा वेगळा पेपर आला. उरलो आम्ही दोघी.

मी हट्टाने उरले. शकू का उरली, हे मी तिला विचारलं होतं.

"क्लास सकाळी सातला असतोय गं. नवाला घरी जाऊन मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बरं पडतंय."

तिचं घर वडगावात. घरात माग. तिचे वडील, आप्पा, साड्या विणायचे आणि ही मागाच्या ठेक्यावर क्रियापदं पाठ करायची. तिचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले होते. मला ते आवडायचं नाही.

संस्कृतीच्या तासाला सर एकदा थर्मास घेऊन आले.

"कोणी कॉफी घेणार?"

शकू म्हणाली, "नको सर."

सरांनी स्वतःपुरती कॉफी ओतली, थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि एकटेच पिऊ लागले.

आम्ही बघत राहिलो.

"आता तुम्ही इटलीत आहात," सर म्हणाले. "तिथे नको म्हणजे नको. दुसऱ्यांदा कोणी विचारणार नाही. हवी असेल तर पहिल्यालाच हो म्हणायचं."

आम्ही खूप हसलो. पेपरात त्यावर प्रश्नही आला. दोघींनी उत्तर बरोबर लिहिलं.

वर्ष संपता संपता आमची तोंडी परीक्षा घ्यायला इटलीहून एक बाई आल्या. आम्ही त्यांना सिन्योरा म्हणायचो, म्हणजे बाईसाहेब. त्यांच्या गावात रेशीम विणतात. परीक्षेत शकूने आप्पांच्या मागाविषयी इतकं छान सांगितलं, की सिन्योरा म्हणाल्या, मला तुझं घर बघायचंय.

दुसऱ्या दिवशी सर तापाने पडलेले. मग सिन्योरांना घेऊन आम्ही दोघीच वडगावला.

आप्पांनी पाहुणीसाठी शहापुरातून गोड कुंदा आणला होता. निम्मी गल्ली दारात उभी.

माग बघून झाला. साडीच्या काठावरून सिन्योरांनी दोनदा हात फिरवला. मग बसल्या आणि आम्हाला कळावं म्हणून सावकाश इटालियनमध्ये शकूला विचारलं, "आमच्या गावी येशील? तीन महिने. भाषा शीक, विणकाम बघ. सगळा खर्च आम्ही करू."

मी ते आप्पांना मराठीत सांगितलं.

आप्पा शकूकडे बघायला लागले. डोळे भरलेले. ते नाही म्हणणार नव्हते, हे मला दिसत होतं. शकूलाही दिसत होतं.

शकू मान खाली घालून म्हणाली, "नो, ग्रात्सिए." नको, धन्यवाद.

चारचौघांत, वडीलधाऱ्यांसमोर, पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी मुलगी आमच्यात हावरट ठरते. पाहुण्याने पुन्हा विचारायचं, मुलीने पुन्हा लाजायचं, मग वडिलांनी बोलायचं. रीत होती ती.

सिन्योरा म्हणाल्या, "समजलं." आणि साडीच्या रंगांविषयी विचारू लागल्या.

मी शकूला चिमटा काढला. "हो सांग की!"

"थांब गं. आणि एकदा इच्यारतील."

मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात शकूची आज्जी कुंद्याचं भांडं घेऊन आली. सिन्योरांचं पोट भरलं होतं. त्यांनी दोन्ही हात ताटलीवर धरले, "नो, नो, ग्रात्सिए!"

आज्जीने त्यांचे हात बाजूला सारले.

"घ्या की वो बाई, लाजताय काय! एवढं काय हुतंय?"

ताटलीत भला मोठा डावभर कुंदा पडला. बिचाऱ्यांनी संपवला.

त्यांचं 'नको' आज्जीने ऐकलं नाही. शकूचं 'नको' त्यांनी ऐकलं.

सिन्योरांना घेऊन गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत आप्पा दारातच उभे होते.

"का गं? पुन्हा इच्यारलंच न्हाईत की त्या?"

शकू कांड्या भरायला बसली.

सरांना कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, कॉफी शिकवली होती ना तुम्हाला!" त्यांनी खटपट केली. पण तोवर ती जागा गोव्यातल्या एका मुलीला गेली होती.

पुढे शकूचं लग्न झालं, ती बोरगावला गेली, शाळेत शिकवू लागली. इटलीचा विषय तिने कधी काढला नाही. पण तिच्या घरात दुसऱ्यांदा विचारणं बंद झालं ते कायमचं.

लेकीला बंगळूरला शिकायला जायचं का, असं दिरांनी विचारलं तेव्हा पोरगी मान खाली घालतेय तोच शकू स्वयंपाकघरातून ओरडली,

"व्हय म्हण गं आधी! दुसऱ्यांदा कोण इच्यारतंय हितं?"

लेक बंगळूरला शिकली. आता तिथेच मोठ्या पदावर आहे.

परवा दवाखान्यात गेले होते. शकू डोळे मिटून पडली होती. मला गोड बोलता येत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "लवकर बरी हो. दोघी इटलीला जाऊ. येणार?"

माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत उत्तर आलं.

"सी."

नर्सने विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"हो म्हणाली," मी सांगितलं.

उद्या बोरगावला भेटायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. लेक चहा विचारेल. हवा असेल तर पहिल्यालाच हो म्हणा. त्या घरात दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

आर्रिवेदेर्ची, शकू. पुन्हा भेटू.