ताईचं नाक

आमच्या भावोजींचं गॅरेज ताईच्या नाकावर चालायचं. थट्टा नाही करत. एका तापात भावोजींना वास येणं जे गेलं, ते परत आलंच नाही. त्यामुळे पांढरा धूर सोडणारी गाडी आली की ते हाक मारायचे, "अगं, जरा ये." ताई हातातलं काम टाकून यायची, सायलेन्सरमागे वाकायची आणि निकाल द्यायची. गार सकाळी नुसती वाफ असते. तिला वास नसतो आणि इंजिन तापलं की ती थांबते. पण धूर दाट असेल, थांबतच नसेल आणि गोडसर वास मारत असेल, तर समजायचं की गॅसकेट गेली, इंजिन गार ठेवणारं कूलंट आत शिरून जळतंय. अशी गाडी भावोजी फाटकाबाहेर जाऊ देत नसत, मग गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो.

त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला, लगेच निघा, मुलगी तुम्हालाच विचारतेय. ताई-भावोजींची एकुलती एक पोर, घाटापलीकडच्या शहरात. बसला तासभर अवकाश होता आणि तेवढा धीर कुणाला? दारात होती ती भावोजींची जुनी गाडी. चावी फिरवली, तर मागे पांढरा लोट.

भावोजींनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. मग ताईकडे बघितलं. ती वाकली आणि बराच वेळ उठेना.

"वाफ आहे," ती म्हणाली. "थंडी आहे ना. चला."

मी मागे बसलो. मला त्यातलं काय कळतंय, कपाळ!

अर्धा घाट चढलो आणि तापमानाचा काटा लालवर गेला. इंजिनने मान टाकली. आमच्यासमोरून ती बस गेली, खच्चून भरलेली. हात केला, थांबली नाही. माझं डोकंच फिरलं. "दुनियेच्या गाड्या तपासता भावोजी, आणि स्वतःची?"

ताई कठड्यावर बसली होती. "गोड येत होता हो," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही निघाला नसता."

"कूलंटची टाकी रिकामी होती," भावोजी म्हणाले. "मी पाहिलं होतं."

शेवटी एका ट्रकवाल्याने घेतलं. पोचलो तेव्हा पोर गेली होती. नर्स म्हणाली, दाराकडेच बघत होती.

अजूनही धुराची गाडी आली की भावोजी हाक मारतात. ताई येते, वाकते आणि म्हणते, "गोड." दरवेळी गोडच. परवा साधी वाफ होती, बघता बघता विरलीसुद्धा. मी चिडून म्हटलं, "ताई, अगं कशाचा गोड?"

भावोजींनी मला हातानेच गप्प केलं. पाना उचलला आणि ते धडधाकट इंजिन खोलायला घेतलं.